चर्चच्या आवारातील वीरगळ

अमेरिकेतील जुन्या कॅथलिक चर्चच्या आवारात पुतळे असतात, आणि त्यांपैकी काहींच्या पायथ्याशी नावांची पाटी असते. पुतळा मारिया माउलीचा असेल, मांडीवर मुलाचे कलेवर घेतलेल्या मातेचा असेल, मायकेल देवदूताचा किंवा जोन ऑफ आर्कचा असेल. पाटीवरची नावे मात्र संतांची नसतात. ती त्या चर्चच्या वस्तीतून पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धावर गेलेल्या आणि परत न आलेल्या मुलांची असतात. आपल्यापैकी बहुतेक जण अशा पुतळ्यांवरून नुसती नजर फिरवून पुढे जातात. 'त्यांचा देव' म्हणून सोडून देतात. आम्हांला वाटते, या पुतळ्यांपाशी आपण भारतीयांनी थोडे थांबले पाहिजे. त्यांच्यात आपल्या उपयोगाचे पुष्कळ आहे.

या प्रकारचे सर्वांत बोलके उदाहरण इंडियाना राज्यात साउथ बेंडजवळ, नोटर डेम विद्यापीठाच्या आवारात आहे. तेथील सेक्रेड हार्ट चर्चच्या पूर्व अंगाला एक दरवाजा आहे. त्याच्या एका बाजूला जोन ऑफ आर्क आणि दुसऱ्या बाजूला मायकेल देवदूत उभे आहेत. वर 'देव, देश, नोटर डेम' या अर्थाचे शब्द कोरलेले आहेत. पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे हे स्मारक. किरविक आणि फेगन या तेथल्याच दोन प्राध्यापकांनी त्याची रचना केली, आणि १९२४ च्या मेमोरियल डेला, म्हणजे ३० मे रोजी, ते अर्पण करण्यात आले. ज्या जोनला १९२० साली संतपद मिळाले, तिला चारच वर्षांनी अमेरिकन सैनिकांच्या शेजारी उभे केले गेले. फ्रान्सच्या भूमीवर पडलेल्या मुलांसाठी फ्रान्सची संत योग्यच होती.

हा १९२४ चा मे महिना नीट पाहण्यासारखा आहे. त्या काळी इंडियाना हे कू क्लक्स क्लॅनचे बळकट ठाणे होते. दक्षिणेत क्लॅनचा मुख्य रोख कृष्णवर्णीयांवर असे. येथे तो कॅथलिकांवरही तितकाच होता. आयरिश, इटालियन, पोलिश हे लोक पोपचे हस्तक, त्यांची निष्ठा रोमला वाहिलेली, हे कधीच खरे अमेरिकन होणार नाहीत, असा तो प्रचार होता. १७ मे रोजी क्लॅनने साउथ बेंडमध्ये मोठा मेळावा बोलावला. विद्यापीठाचे विद्यार्थी गावात उतरले, त्यांनी पांढरे झगे ओढून फाडले, आणि दोन दिवसांनी पुन्हा चकमक झाली. शेवटी विद्यापीठाचे अध्यक्ष फादर मॅथ्यू वॉल्श यांना स्वतः गावात जाऊन मुलांना परत न्यावे लागले. हे वॉल्श महायुद्धात सैन्याचे धर्मगुरू म्हणून काम करून आलेले होते. पुढे २६ मे रोजी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी त्या कुप्रसिद्ध इमिग्रेशन कायद्यावर सही केली. त्या कायद्याने इटली व पूर्व युरोपातून येणाऱ्यांची संख्या एकदम खाली आणली आणि आशियाई लोकांना दार जवळजवळ बंदच केले. त्यानंतर चार दिवसांनी हा दरवाजा अर्पण झाला.

दरवाजा बांधण्याचे अर्थातच आधी ठरलेले असणार. दंगलीला उत्तर म्हणून कोणी चौदा दिवसांत दगड घडवीत नाही. पण उत्तर आपोआप दिले गेले. तुम्ही आम्हांला परके म्हणता. ही पाहा नावे. ही मुले कोणासाठी मेली?

येथेच आम्हांला आपल्या एका माणसाची आठवण होते. भगतसिंग थिंद १९१३ साली अमेरिकेत आले. १९१८ मध्ये ते अमेरिकन सैन्यात भरती झाले, वॉशिंग्टन राज्यातील कॅम्प लुइस येथे पगडी बांधून त्यांनी शिपाईगिरी केली आणि सन्मानाने सेवामुक्त झाले. त्यांना नागरिकत्व मिळाले, काढून घेतले गेले, पुन्हा मिळाले. आणि १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हा गृहस्थ 'गोरा' ठरत नाही, सबब तो नागरिक होण्यास पात्र नाही. अंगावर त्या देशाचा गणवेश चढला होता, ही गोष्ट कामी आली नाही. पुढे १९३५ साली महायुद्धातील माजी सैनिकांसाठी वेगळा कायदा झाला, तेव्हा कुठे १९३६ मध्ये थिंद यांचे नागरिकत्व पक्के झाले. सर्वसाधारण भारतीयांना तो हक्क मिळायला १९४६ साल उजाडले.

कॅथलिकांचा छळ आणि आपला छळ सारखाच होता असे आम्ही म्हणत नाही. त्यांना मत होते, शाळा होत्या, नगरपालिका होत्या, काही शहरांत तर पोलीस खातेही त्यांचेच होते. आपली मंडळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तीही पश्चिम किनाऱ्यावर लाकडाच्या वखारीत आणि शेतांत. पण दोघांपुढे प्रश्न एकच होता, की आम्ही इथले आहोत हे सिद्ध कसे करायचे? कॅथलिकांनी त्याचे एक उत्तर आपल्या देवळाच्या भिंतीवर कोरून ठेवले. आपल्याजवळ त्या काळी भिंत नव्हती. आज आहे, आणि म्हणूनच हा लेख.

आता मूर्तीच का? नुसती पाटी का पुरत नाही? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातल्या माणसाला बाहेर शोधावे लागत नाही. आपल्या गावोगावी वीरगळ आहेत. उभा दगड, त्यावर खालून वर जाणारे तीन-चार पट्टे. तळाशी लढाई आणि पडलेला वीर, त्याच्या वर त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर कलश, बाजूंना चंद्रसूर्य. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत त्यांच्यावर तर गलबतांची लढाई कोरलेली आहे. वल्ही मारणाऱ्या माणसांच्या रांगा दिसतात. शिलाहार आणि यादव यांच्यातील समुद्रावरच्या झुंजीशी त्यांचा संबंध अनेक अभ्यासक जोडतात. म्हणजे धर्माच्या चित्रातून युद्धाचे स्मारक ही कल्पना कॅथलिकांकडून शिकावी अशी आपली स्थिती नाही. कित्येक शतकांपूर्वी ती आपल्या वेशीवर उभी होती.

पण आपल्या वीरगळांचे पुढे काय झाले? महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेख नाही. कर्नाटकात पुष्कळांवर आहे, आपल्याकडे क्वचित. त्यामुळे दोन-तीन पिढ्यांत वीराचे नाव गेले, लढाई कोणाशी होती ते गेले, आणि दगड तेवढा राहिला. मग कोणीतरी त्याला शेंदूर फासला, कोणी गावदेव म्हणून नारळ फोडू लागला, कोणी विहिरीच्या काठावर कपडे धुवायला आडवा टाकला. दगडावर चित्र होते म्हणून तो निदान टिकला. नाव नव्हते म्हणून तो कोणाचाच राहिला नाही.

उलट टोकाचे उदाहरणही आपल्याकडेच आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या खेड्यांतून संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतकी माणसे महायुद्धावर गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. आकडा आहे, नाव नाही. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याने त्या युद्धात ४६ माणसे गमावली, आणि आज ते गाव 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखले जाते. तिथे गावानेच आठवण जिवंत ठेवली म्हणून ती राहिली. जिथे तसे झाले नाही तिथे पाटी चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत आहे, तिच्यावर चुन्याचे हात बसले आहेत, आणि सरकारी आकड्यापुढे फूल कोणी वाहत नाही.

चर्चच्या आवारात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. मूर्ती आहे म्हणून म्हातारी बाई मेणबत्ती घेऊन येते. पाटी आहे म्हणून ती बोटाने आपल्या भावाचे नाव शोधते. आम्हांला यात मोठे शहाणपण दिसते. मूर्ती माणसे आणते, पाटी त्यांना का आलात ते सांगते. यांतले एक काढून घेतले की दुसरे हळूहळू मुके होते.

इथपर्यंत कोणाचा वाद असण्याचे कारण नाही. वाद सुरू होतो तो अशी मूर्ती चर्चच्या कुंपणाबाहेर, सरकारी जमिनीवर उभी राहिली की. आणि या वादात आपल्या समाजातली पुष्कळ मंडळी, आमच्या मते, चुकीच्या बाजूला उभी राहतात.

मेरीलँड राज्यात ब्लेडन्सबर्ग येथे चाळीस फूट उंचीचा काँक्रीटचा क्रूस आहे. प्रिन्स जॉर्जेस काउंटीतील पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४९ जणांचे ते स्मारक. मृतांच्या आयांनी त्याला सुरुवात केली, पैसे संपले, मग माजी सैनिकांच्या संघटनेने १९२५ मध्ये ते पुरे केले. नावांमध्ये गोरे आणि काळे दोन्ही आहेत, त्या काळच्या मेरीलँडमध्ये ही साधी गोष्ट नव्हती. उद्घाटनाला कॅथलिक धर्मगुरू आणि बॅप्टिस्ट पाळक दोघेही होते. १९६१ मध्ये जागा सरकारी मंडळाकडे गेली, आणि तेव्हापासून सार्वजनिक पैशाने त्या क्रूसाची देखभाल होऊ लागली. (आमच्या कोरेगावच्या जयस्तंभावरही नावे ४९ आहेत. योगायोगच, पण लक्षात राहणारा. त्या स्तंभावर कोणत्याही देवाचे चित्र नाही, आणि बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ ला तिथे गेल्यानंतर दरवर्षी त्या दिवशी लोटणारी गर्दी आपण सर्वांनी पाहिलेली आहे. तेव्हा मूर्तीवाचून माणसे येतच नाहीत असेही नाही. पण त्यासाठी त्या तोडीचा माणूस लागतो.)

ब्लेडन्सबर्गचा क्रूस काढावा म्हणून खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जून २०१९ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी क्रूस वाचला. न्यायमूर्ती अलिटो यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: क्रूस हे ख्रिस्ती चिन्ह आहे खरे, परंतु जुन्या स्मारकांना काळाच्या ओघात दुसरे अर्थही चिकटतात. आज तो पाडणे हे तटस्थतेचे नव्हे, तर धर्माविषयीच्या वैराचे कृत्य वाटेल. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी विरुद्ध मत नोंदवले. क्रूस ख्रिस्ती सैनिकाच्या कबरीवर शोभतो, पण तो सर्वांचे स्मारक होऊ शकत नाही, असा त्यांचा मुद्दा.

निकाल आम्हांला व्यवहार म्हणून मान्य आहे. शंभर वर्षांपूर्वी आयांनी उभारलेली वस्तू यंत्राने पाडताना पाहण्याची आमचीही इच्छा नाही. परंतु विचार म्हणून आम्ही गिन्सबर्गबाईंच्या बाजूचे आहोत. कारण असा खटला जिंकण्यासाठी क्रूसाच्या कैवाऱ्यांना काय सांगावे लागते ते पाहा. त्यांना म्हणावे लागते की हा क्रूस आता मुख्यतः धार्मिक राहिलेला नाही, तो इतिहासाची खूण झाला आहे, स्थानिक ओळख झाला आहे. ज्याच्यावर आपला देव मेला त्या खांबाविषयी भक्तांच्या वकिलांनी कोर्टात हे बोलायचे! गणपती ही केवळ एक सांस्कृतिक शोभेची वस्तू आहे असे शपथेवर लिहून दिल्यास चौकात मूर्ती ठेवू देऊ, असे कोणी म्हटले तर आपण सही करू काय?

मोंटाना राज्यातले उदाहरण तर याहून गमतीचे आणि याहून करुण आहे. व्हाइटफिश गावाजवळच्या बिग माउंटनवर, बर्फावर घसरण्याच्या खेळाच्या वाटेवर, निळ्या झग्यातला येशूचा पुतळा आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या डोंगरांत लढलेल्या अमेरिकेच्या दहाव्या माउंटन डिव्हिजनच्या शिपायांनी तिथे वाटावाटांवर अशी देवस्थाने पाहिली होती. त्या आठवणीतून 'नाइट्स ऑफ कोलंबस' या कॅथलिक संघटनेने १९५० नंतरच्या दशकात तो बसवला. जमीन वन खात्याची, पंचवीस फूट लांब-रुंद तुकडा. १९५३ च्या अर्जात येशूचे देवस्थान उभारण्याची परवानगी मागितली होती. युद्धस्मारकाचा उल्लेख त्यात नव्हता, आणि तसे सांगणारी पाटीही फार उशिरा लागली. २०१२ मध्ये खटला झाला. २०१३ मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि २०१५ मध्ये वरच्या न्यायालयाने पुतळा राहू दिला. का? तर येणारेजाणारे त्याच्या डोक्यावर टोपी, डोळ्यांवर चष्मा आणि गळ्यात रंगीत मण्यांच्या माळा घालून फोटो काढतात. लोकांच्या लेखी तो खेळाच्या जागेची खूण झाला आहे. म्हणजे थट्टा झाली म्हणून देव वाचला. इटलीत गेलेल्या पोरांचे यात काय उरले, हे विचारायला आम्हांला आवडेल. त्या डिव्हिजनची जवळजवळ हजार माणसे चार-पाच महिन्यांत कामी आली होती.

हाच पुतळा डोंगराखालच्या एखाद्या चर्चच्या आवारात असता तर ना अर्ज, ना खटला, ना टोपी. पायथ्याशी नावे असती आणि वर्षातून एकदा प्रार्थना झाली असती.

सरकारी जागेवरच्या धार्मिक स्मारकाला विरोध केला की तो देवाला विरोध ठरतो, हा समज दूर करण्यासाठी जर्मनीतले एक उदाहरण देतो. केटे कोल्वित्झ या शिल्पकार बाईंचा मुलगा पेटर १९१४ च्या ऑक्टोबरात, युद्धाच्या सुरुवातीलाच, बेल्जियममध्ये पडला. पुढे तिने मांडीत मेलेला मुलगा घेतलेली आई घडवली. लहानशी मूर्ती. १९९३ मध्ये जर्मनीच्या सरकारने तिची मोठी प्रतिकृती बर्लिनच्या 'नॉय वाखे' या राष्ट्रीय स्मारकात ठेवली, युद्धाच्या आणि जुलमाच्या सर्व बळींसाठी. मूर्तीवर क्रूस नाही, तेजोवलय नाही, कुठेही धर्माचे नाव नाही. तरी वाद पेटला. ही ठेवण पिएताची आहे, ख्रिस्ती मातेची आहे. छळछावण्यांत मारलेल्या ज्यूंना तिच्या मांडीवर कसे ठेवता? आणि जिथे आयाही मुलांबरोबरच मारल्या गेल्या, तिथे मागे रडायला उरलेली आई कुठली? आम्हांला ती मूर्ती फार थोर वाटते. पण हा आक्षेप घेणाऱ्यांना आम्ही हटवादी म्हणणार नाही. एका घराचे दुःख त्या घरात अगदी खरे असते. तेच सर्वांचे म्हणून मांडले, की दुसऱ्या घरातला माणूस बाहेर उभा राहतो.

आता आपल्याकडे वळू. ऑगस्ट २०२४ मध्ये टेक्सासमधील शुगर लँड येथे श्री अष्टलक्ष्मी मंदिराच्या आवारात नव्वद फूट उंच हनुमानाची मूर्ती उभी राहिली. वर्षभराने त्या राज्यातल्या एका राजकारणी गृहस्थाने जाहीर विचारले की ख्रिस्ती राष्ट्रात ही खोट्या देवाची मूर्ती कशाला? आपल्या मंडळींना राग आला, तो योग्यच होता. पण त्या रागात आपले काही मित्र म्हणू लागले की त्यांचे क्रूस सरकारी बागांतून चालतात, तर आमचा मारुतीही सरकारी बागेत बसवून दाखवू, कोर्टात जाऊ. या मित्रांना आमचे कळकळीचे सांगणे आहे की हा रस्ता धरू नका.

कारण कायदा आपल्या बाजूला कुठे आहे आणि कुठे नाही, हे समजून घेतले पाहिजे. युटा राज्यात समम नावाचा एक छोटा पंथ आहे. प्लेझंट ग्रोव्ह गावच्या बागेत बायबलातल्या दहा आज्ञांची शिळा आहे, तर शेजारी आमच्या सात सूत्रांची शिळा ठेवू द्या, असे त्यांनी म्हटले. गावाने नाही म्हटले. फेब्रुवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने गावाच्या बाजूने निकाल दिला. सार्वजनिक बागेतले कायमचे स्मारक हे सरकारचे स्वतःचे बोलणे आहे, आणि सरकारने काय बोलावे हे सरकार ठरवील, असा त्याचा आधार. याचा सरळ अर्थ, सरकारी हिरवळीवर ज्यांचे बहुमत त्यांचा देव. आपण कुठल्या गावात बहुमतात आहोत?

आणि गावाने दार उघडलेच, तर काय होते तेही मिनेसोटातल्या बेल प्लेन गावाने पाहिले. तिथल्या सैनिक-स्मृती बागेत क्रूसापुढे गुडघे टेकलेल्या शिपायाची आकृती होती. तक्रार झाली. तेव्हा गावाने २०१७ मध्ये बागेचा एक कोपरा सर्वांना मोकळा केला, म्हणजे क्रूसही राहील. लगेच सैतानाचे नाव घेणाऱ्या एका संघटनेने आपले स्मारक ठेवण्याचा अर्ज केला आणि परवानगीही मिळवली. गाव हादरले. काही महिन्यांतच तो मोकळा कोपरा रद्द झाला आणि क्रूसापुढचा शिपाईही तिथून गेला. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप होता, तोच शेवटी बागेबाहेर.

याउलट स्वतःच्या आवारात, स्वतःच्या पैशाने, स्थानिक बांधकामाचे नियम पाळून उभारलेल्या मूर्तीला हात लावण्याची ताकद या देशात कोणा नगरपित्यात नाही, त्याला ती कितीही खुपो. नोटर डेमच्या जोनला ज्या तत्त्वाचे संरक्षण आहे, तेच शुगर लँडच्या हनुमंताला आहे. ते तत्त्व पातळ होऊ नये, सरकार आणि देवघर यांच्यातली भिंत जागेवर राहावी, यात सर्वांत जास्त स्वार्थ कोणाचा असेल तर तो आपल्यासारख्या अल्पसंख्यांचा. क्रूस सरकारी जमिनीवर असावा की नसावा या वादात आपण 'आम्हांला काय त्याचे' म्हणून गप्प बसतो, किंवा 'धर्माची बाजू' म्हणून टाळ्या वाजवतो. दोन्ही आम्हांला अदूरदृष्टीचे वाटते.

मग सरकारने सैनिकाच्या धर्माची दखलच घेऊ नये काय? घ्यावी, आणि ती घेण्याची चांगली रीत याच सरकारने घालून दिलेली आहे. माजी सैनिकाच्या सरकारी कबरशिळेवर त्याच्या श्रद्धेचे चिन्ह कोरून मिळते, आणि ते कोणते हे सरकार नव्हे तर कुटुंब ठरवते. यादीत पन्नासहून अधिक चिन्हे आहेत. क्रूस आहे, दाविदाचा तारा आहे, चंद्रकोर आहे, हिंदूंचा ओम् आहे, आणि कोर्टकचेरीनंतर २००७ पासून विक्का पंथाची चांदणीही आहे. एका दगडाखाली एक माणूस आणि त्याच्यावर त्याचाच देव. चाळीस फुटी क्रूसाला जे जमत नाही ते या हातभर दगडाला जमते.

आपल्या लोकांची अडचण अशी की आपल्याला दगडच नसतो. आपण दहन करतो. दुसऱ्या महायुद्धात इटलीत मराठा पलटणी लढल्या. बिग माउंटनच्या त्या शिपायांपासून फार दूर नव्हे, त्याच डोंगररांगांत. नामदेव जाधव यांनी सेनिओ नदीच्या काठी ९ एप्रिल १९४५ ला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्यानंतर पाचच दिवसांनी दहावी माउंटन डिव्हिजन शेवटच्या चढाईला निघाली. तिथे दहन झालेल्या हिंदी शिपायांसाठी सांग्रो, फोर्ली आणि रिमिनी येथे वेगळी दहन-स्मारके आहेत. मूर्ती नाही, नुसती नावे. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. हाताखालची सारी माणसे मेली किंवा जखमी झाली, तेव्हा मशिनगनच्या ठाण्यावर एकटे धावून गेले आणि ते घेतल्यावर लपलेल्या बंदूकधाऱ्यांनी त्यांना टिपले. त्यांची समाधी नाही. कासिनोच्या स्मारकावर नाव आहे. आणि जुलै २०२३ मध्ये मोंतोने या लहानशा इटालियन गावाने, तिथल्या युद्ध-इतिहासकारांच्या साहाय्याने, त्यांच्या नावे एक स्मारक उभारले. गाव कॅथलिक, चर्चची घंटा दिवसातून कितीदा वाजत असेल. त्या गावाने रायगड जिल्ह्यातल्या या मराठ्यासाठी मारिया माउली निवडली नाही, त्याच्यासाठी देवनागरीतला ओम् शोधायलाही गेले नाही. सूर्याच्या सावलीवर चालणारे घड्याळ बसवले, आणि आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाची लॅटिन ओळ त्यावर घातली. सार्वजनिक जागेवरचे स्मारक कसे असावे याचा याहून चांगला नमुना आमच्या पाहण्यात नाही.

अमेरिकेतल्या आपल्या मंदिरांकडे आणि मंडळांकडे आमचे मागणे साधे आहे. आपल्या समाजातली मुले आणि मुली या देशाच्या सैन्यात गेली आहेत, इराक-अफगाणिस्तानात जाऊन आली आहेत, आणि काही आली नाहीत. पुष्कळांचे आईवडील दर शनिवारी आरतीला शेजारी उभे असतात आणि आपल्याला ठाऊकही नसते, कारण 'मुलगा काय करतो' या प्रश्नाला आपल्याकडे डॉक्टर आणि इंजिनियर एवढीच दोन उत्तरे ऐकण्याची सवय आहे. मंदिराच्या आवारात एक शिळा असावी. वर वीरगळाचे ते जुने पट्टे कोरावेत, माथ्यावर चंद्रसूर्य, आणि खाली, जे आपल्या पूर्वजांनी केले नाही ते करावे: नावे घालावीत, पूर्ण नाव, गाव, साल. पहिली ओळ थिंद यांची असायला हरकत नाही. ते लढाईत पडले नाहीत हे खरे, पण त्यांना मरेपर्यंत भांडायला लावलेच असते. शीख, मुसलमान, ख्रिस्ती कुटुंबांनी आपापल्या आवारात आपापल्या रीतीने करावे. कोणाला आमच्या शिवलिंगाखाली ओढण्याचा आमचा विचार नाही.

मेमोरियल डे आता मेच्या शेवटच्या सोमवारी येतो. त्या सुटीच्या दिवशी आपली मंदिरे भरलेलीच असतात. कारभारी मंडळी म्हणतील जागा नाही, खर्च फार. खर्चाचे आम्ही बोलत नाही. जागेबद्दल मात्र एक पाहून ठेवले आहे: बहुतेक मंदिरांत जोडे ठेवण्याच्या जागेपासून गाभाऱ्यापर्यंतच्या भिंतीवर देणगीदारांची नावे संगमरवरात आहेत, रकमेच्या उतरत्या क्रमाने. तिथून सुरुवात करता येईल.